बीजगणिताचे सर, भूमितीचे सर

शाळेत भांडणं कशावरून होतात, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. त्याला वाटतं, शिक्षणाच्या ध्येयधोरणांवरून होत असतील. प्रत्यक्षात ती वेळापत्रकावरून होतात. मधल्या सुट्टीनंतरचा पेंगुळलेला तास कोणाला, दहावीचा वर्ग कोणाला, बदली तास लावताना एकाच माणसाचं नाव वारंवार का येतं, निवडणुकीच्या कामासाठी तहसीलला गेलेल्या यादीतून कोणाला वगळलं. त्यात सेवाज्येष्ठता यादीचा वाद शिरला की मग विचारायलाच नको. ज्या मुलांसमोर तो सुरू झाला, ती कॉलेजातून बाहेर पडतात तरी तारखा चालूच असतात.

मुख्याध्यापक ही भांडणं कशी हाताळतात आणि त्यात वर्गातल्या पोरांचं काय होतं, यावर दोन माणसांचा दिवाळीच्या सुट्टीत वाद झाला. दोघं एकाच शाळेचे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची, अनुदानित, पाचवी ते दहावीची मराठी शाळा. सर तिथले निवृत्त मुख्याध्यापक. बाई त्यांच्या हाताखाली शिक्षणसेवक म्हणून लागल्या, आज त्या खुर्चीवर आहेत. सरांचा पिंड मिटवामिटवीचा, बाईंचा लिहून ठेवण्याचा. मी ऐकायला होतो, आणि राहवलं नाही तिथे या लेखात मध्ये बोललो आहे.

सर : मुख्याध्यापकाचं पहिलं काम म्हणजे दार लावून घेणं. स्टाफरूममधलं स्टाफरूममध्ये राहिलं पाहिजे. झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलांना शिक्षकांचं भांडण दिसलं की त्यांचा धाक जातो आणि विश्वासही जातो. मग तुम्ही कितीही जीव तोडून शिकवा.

बाई : सर, त्यांना दिसत नाही असं आपल्याला वाटतं. कोणते दोन शिक्षक एकमेकांशी बोलत नाहीत, हे सहावीतल्या पोराला जूनच्या पंधरवड्यात कळतं. खडू संपला की कोणत्या वर्गात मागायला जायचं आणि कोणत्या वर्गात नाही, ते त्याला सांगावं लागत नाही.

सर : ठाऊक असणं वेगळं आणि चव्हाट्यावर येणं वेगळं. माझ्या काळात पालकांसमोर एकाही शिक्षकाचा पाणउतारा झाला नाही. आणि तुमचं ते ‘विद्यार्थ्यांचं समाधान’ मोजायचंच असेल, तर आपल्याकडे त्याची मोजणी वर्षातून एकदा होतेच. 30 सप्टेंबरला. त्या दिवशीचा पट बघा. पोरं नाराज असतील तर पालक दाखला काढून नेतात. पट घसरला की संचमान्यतेत पद जातं, एक शिक्षक अतिरिक्त ठरतो, समायोजनात कुठल्या कुठे फेकला जातो. माझ्या एवढ्या वर्षांत एकही पद गेलं नाही. आणखी काय पुरावा पाहिजे?

बाई : ज्याच्या घरी मोटारसायकल आहे तो दाखला काढतो, सर. वाडीवरून चालत येणारी मुलगी कुठे जाणार? तिला दुसरी शाळाच नाही. ती पटावर आहे म्हणजे ती खूश आहे, असं तुम्ही धरून चालता. तिला जायला जागा नाही, एवढंच त्यातून कळतं.

सर : आणि खूश म्हणजे काय हो? पोरांना विचाराल तर ती म्हणतील रोज शेवटचे दोन तास पीटी ठेवा.

बाई : एखाद वेळी म्हणतीलही. पण मी विचारलं तेव्हा त्यांनी पीटी नाही मागितली. त्यांनी विचारलं, गणिताला एकच सर मिळतील का?

इथे सर हसले, कारण त्यांना संदर्भ लगेच लागला. प्रकरण जुनं आहे. शाळेत गणिताचे दोन शिक्षक, दोघंही अनुभवी, दोघांनाही दहावीच हवी. दहावीचा निकाल म्हणजे गावातली पत, हे ज्याला माहीत आहे त्याला यातली चुरस समजेल. सरांनी त्यावर काढलेला तोडगा तेव्हा तालुक्यात वाखाणला गेला होता. बोर्डाच्या परीक्षेत गणिताचे दोन पेपर, भाग एक बीजगणित, भाग दोन भूमिती, प्रत्येकी 40 गुणांचे. मग एकाला बीजगणित द्या, दुसऱ्याला भूमिती. दोघांच्याही नावापुढे ‘इयत्ता दहावी’ लागलं. संस्थेचे अध्यक्ष खूश, दोघं शिक्षक गप्प.

सर : सांगा, काय वाईट झालं? दोघांचा मान राहिला. निकालही पडला नाही.

बाई : मी तेव्हा त्या वर्गाची वर्गशिक्षिका होते. तुम्ही ऑफिसात होता, म्हणून तुम्हाला तोडगा दिसला. मला वर्ग दिसला. भूमितीच्या तासाला पायथागोरसचं उदाहरण यायचं. एक बाजू क्ष, दुसरी क्ष अधिक काहीतरी. मांडणी व्हायची, वर्ग करायचे, आणि खाली वर्गसमीकरण उभं राहायचं. तिथे सर खडू ठेवायचे. म्हणायचे, ‘इथून पुढचं तुमच्या बीजगणिताच्या सरांना विचारा.’ पोरं ते अर्धं उदाहरण घेऊन दुसऱ्या दिवशी बीजगणिताच्या तासाला जायची. तिथे उत्तर मिळायचं, ‘हे माझ्या पुस्तकात नाही.’

सर : हे मला कोणी सांगितलं नाही.

बाई : कोण सांगणार? मुलं सांगायला आली असती तर त्यांनी कोणाची तक्रार केली, हे संध्याकाळपर्यंत दोघांना कळलं असतं. मग त्यांनी आपली युक्ती काढली. वहीच्या मागच्या पानावर ती अर्धी उदाहरणं उतरवून घ्यायची आणि नववीला गणित शिकवणाऱ्या मॅडमना एस.टी. स्टँडवर गाठायचं. चाचणी दोन्ही सर एकाच दिवशी लावायचे, कारण दुसऱ्यानं कधी लावली हे विचारायचं कसं? बोलणं बंद. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी त्या वर्गाची गत.

सर : तरी निकाल नव्वदच्या वरच लागला ना?

बाई : लागला. क्लासवाल्यांच्या जिवावर. त्या वर्षी गावातल्या क्लासला दहावीची अर्धी पोरं होती. ज्यांना परवडत नव्हतं ती एस.टी. स्टँडवर.

व्यवस्थापनाच्या पुस्तकांत हे सगळं नीट खणाखणांत बसवलेलं असतं. थॉमस आणि किलमन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 1974 साली संघर्ष हाताळण्याच्या पाच तऱ्हा मांडल्या आणि आजही मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणांत त्या फळ्यावर लिहून दाखवतात. रेटून नेणं, टाळणं, पडतं घेणं, निम्मं-निम्मं करणं आणि सगळ्यांनी बसून वेगळीच वाट काढणं. सरांचं म्हणणं, या पाचही तऱ्हा ते मधल्या सुट्टीच्या आत वापरून मोकळे होत. बाईंना मात्र थॉमस-किलमनच्याही आधीच्या एका बाईंचा आधार वाटतो.

बाई : मेरी पार्कर फॉलेट. 1925 साली त्यांनी लिहिलं की भांडण मिटवायच्या तीन वाटा आहेत. एकानं जिंकायचं, दोघांनी थोडं-थोडं सोडायचं, किंवा दोघांना खरोखर काय हवंय ते शोधायचं. त्यांनी स्वतःचंच उदाहरण दिलंय. हार्वर्डच्या ग्रंथालयातली लहानशी खोली. एकाला खिडकी उघडी हवी, फॉलेटबाईंना बंद. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली. त्याला हवा मिळाली, यांच्या अंगावर वारा आला नाही.

सर : छान. आमच्याकडे शेजारची रिकामी खोली नसते, बाई. शेजारी सातवी ‘ब’ असते.

बाई : (हसून) पण त्या दोघांना खरोखर दहावी हवी होती का, हे तरी तुम्ही विचारलं होतं? एकाला दहावी हवी होती. दुसऱ्याला, माझ्या मते, आपल्याला डावललं गेलं नाही हे गावाला दिसायला हवं होतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही विषयाचे दोन तुकडे केलेत, कारण ते सोपं होतं.

सर : सोपं नव्हतं, तेवढंच हातात होतं! मुख्याध्यापकाच्या हातात असतं काय, ते खुर्चीत बसून तुम्हालाही आता कळलं असेल. नेमणूक संस्थेची, त्यातही आता शिक्षकभरतीचं सरकारी पवित्र पोर्टल. पगार सरकारच्या शालार्थ प्रणालीतून. बदली अध्यक्षांच्या मर्जीनं. मला ना कोणाला बढती देता येते, ना वेतनवाढ. रुसलेल्या शिक्षकाला मी देऊ काय शकतो? चांगला वर्ग, सोयीचा तास, कमी बदली तास आणि चहा.

बाई : यातला चहा सोडला तर एकही गोष्ट तुमची नव्हती, सर. ती मुलांची होती.

बराच वेळ चाललेल्या बोलण्यातलं हे एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, आणि सरांवर ते थोडं अन्यायाचंही वाटलं. कारण दोष एकट्या माणसाचा नाही. आपल्या मुख्याध्यापकाला जबाबदारी आहे, अधिकार नाही. मग तो ज्याच्यावर त्याचा अधिकार चालतो त्यातूनच देणी भागवतो, आणि त्याचा अधिकार चालतो तो मुलांच्या वेळेवर. रुसवा काढायला तास द्यायचा, शिक्षा म्हणूनही तासच लावायचा. अडचणीचा शिक्षक असेल तर त्याला पाचवी ‘क’ द्यायची, कारण पाचवीचे पालक अजून ओरडायला शिकलेले नसतात. शाळाशाळांत हे चालतं आणि त्याला कोणी भांडण म्हणत नाही, ‘कार्यवाटप’ म्हणतात.

कायद्याचंही तेच. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांचा 1977 चा कायदा आणि 1981 ची नियमावली यांनी शिक्षकाला संस्थाचालकांच्या लहरीपासून वाचवलं, यात शंका नाही. बडतर्फ केलं, पदावनत केलं, बढतीत डावललं तर शाळा न्यायाधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करता येतं. चौकशी लावायची तर तीन जणांची समिती. एक संस्थेचा, एक शिक्षकानं निवडलेला, एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षक. रचना विचारपूर्वक केलेली आहे. पण दोन पक्षांच्या या सगळ्या मांडणीत ज्या वर्गाचे तास त्या काळात बुडतात, तो वर्ग कुठल्याच रकान्यात येत नाही.

सरांनी मात्र आपला पत्ता अजून खेळला नव्हता.

सर : बरं, माझं दार बंद होतं. तुमचं उघडं आहे. मग तुमच्या उघड्या दारातून काय गेलं, ते सांगू? एनएमएमएसचा सकाळचा वर्ग गेला.

बाई काही बोलल्या नाहीत. हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी विचारलं. शाळेतले विज्ञानाचे एक शिक्षक आठवीच्या मुलांचा सकाळी सातला जादा तास घेत. एक पैसा न घेता. एनएमएमएस परीक्षेत निवड झाली की नववी ते बारावी दर वर्षी 12,000 रुपये शिष्यवृत्ती मिळते. शेतमजुराच्या घरात ही रक्कम काय असते ते वेगळं सांगायला नको. याच शिक्षकांनी वर्गात एका मुलीला सगळ्यांदेखत सुनावलं, ‘तुझ्यानं हे होणार नाही, कशाला जागा अडवतेस?’ तक्रारपेटीत चिठ्ठी पडली. बाईंनी ती शिक्षकसभेत वाचली. नाव घेतलं नाही, पण कोणाबद्दल आहे हे कळायला नाव लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार छडीइतकाच मानसिक त्रासही निषिद्ध आहे, हे त्यांनी सांगितलं, इतिवृत्तात लिहिलं, सह्या घेतल्या. दुसऱ्या दिवसापासून ते शिक्षक बरोबर पावणेअकराला येऊ लागले आणि पाचला जाऊ लागले. नियमात एक मिनिट इकडे-तिकडे नाही.

सर : मी असतो तर त्याला संध्याकाळी घरी बोलावला असता. चहा पाजला असता. म्हटलं असतं, अरे, तुझी जीभ तुझ्या चांगल्या कामावर पाणी ओततेय. तो मान खाली घालून गेला असता आणि सकाळी सातला वर्गावर हजर असता. तुमच्या इतिवृत्तानं एका पोरीला न्याय मिळाला असेल. पण सातला सायकल मारत येणारी बाकीची पोरं? परीक्षा साधारण डिसेंबरात असते, दिवस किती राहिले?

बाई : परीक्षेतला बुद्धिमत्तेचा भाग मी घेते सकाळी. शालेय क्षमतेच्या भागातलं विज्ञान मला तितकं जमत नाही, हे खरंय.

सर : म्हणजे भरपाई मुलांनीच केली ना? माझ्या तोडग्यात त्यांचं भूमितीचं गणित अर्धं राहिलं, तुमच्यात विज्ञान.

बाई : हो. ते मी नाकारत नाही. पण तुमच्या चहात एक गोष्ट राहते, सर. तो सुधारला असता, मान्य. त्या मुलीला ते कळलं असतं कसं? तुम्हाला माहीत, त्याला माहीत. ती मात्र दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर, तेच वाक्य कानात घेऊन बसली असती. आपण बोललो आणि काहीच झालं नाही, एवढंच ती शिकली असती. पुढच्या वेळी तिच्या बाबतीत याहून वाईट काही घडलं तर ती चिठ्ठी टाकेल?

सरांकडे याला उत्तर नव्हतं. निदान लगेच नव्हतं. गेल्या काही वर्षांत शाळांमधून जी प्रकरणं बाहेर आली, त्यांतल्या अनेकांत मुलं आधी कोणाला तरी काहीतरी बोललेली असतात आणि ऐकणाऱ्यानं शाळेची अब्रू सांभाळलेली असते. बंद दाराची ही किंमत सरांसारख्या सज्जन माणसाला दिसत नाही, कारण त्यांच्या दारामागे तसं काही झालं नाही. मला या मुद्द्यावर बाईंचं म्हणणं जास्त पटतं. पण सकाळचा विज्ञानाचा वर्ग बंद पडला, याचा हिशेब त्यांच्या इतिवृत्तात नाही, हेही तितकंच खरं. फुकट जादा तास घेणारा शिक्षक नियमानं बांधलेला नसतो, तो मानानं बांधलेला असतो. मान गेला की तो नियमावर येतो, आणि नियमावर आलेला शिक्षक ही शाळेला सर्वांत महाग पडणारी गोष्ट.

बाई : कोर्चाक म्हणून एक पोलिश डॉक्टर होते. वॉर्सातल्या त्यांच्या अनाथाश्रमात मुलांचं न्यायालय होतं. न्यायाधीश मुलं. फिर्याद शिक्षकावरही करता यायची. खुद्द कोर्चाकवर झाली होती, तेही उभे राहिले. आणि गंमत म्हणजे त्या न्यायालयाची बहुतेक कलमं माफीची होती. मुलांना शिक्षा नको असते हो. आपलं ऐकून घेतलं, हे दिसायला पाहिजे असतं.

सर : तिथे मुख्याध्यापक आणि बाप, दोन्ही एकच माणूस होता. त्याला गावाच्या नाकदुऱ्या काढाव्या लागत नव्हत्या. आपल्याकडे सातवीच्या पोरानं सरांवर फिर्याद केली तर दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे भावकीवाले गेटवर. न्यायालय राहील बाजूला, ग्रामपंचायतीची निवडणूक होईल त्यावर.

बाई : म्हणून मी न्यायालय काढलं नाही. मी दोनच गोष्टी ठरवल्यात. भांडण मिटवताना कोणालाही तास, वर्ग किंवा विषय द्यायचा नाही, काढून घ्यायचा नाही. आणि जे ठरेल ते ज्या मुलांशी संबंधित आहे त्यांना सांगायचं. कारणं नाही, कोण चुकलं तेही नाही. उद्यापासून काय बदलणार, एवढंच.

सर : पहिली गोष्ट टिकणार नाही. वर्ष संपायच्या आत अध्यक्षांचा फोन येईल, ‘आपल्या अमक्याला नववी द्या.’

बाई : येऊ दे. लेखी मागेन.

सर : लेखी मागितलं की फोन शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत येतो, बाई. (थांबून) पण दुसरी गोष्ट... माझ्या त्या दहावीला काय सांगितलं असतंत तुम्ही?

बाई : सांगितलं असतं की दोन सर आहेत, पण अडलेलं उदाहरण दोघांपैकी कोणालाही विचारा, जो नाही म्हणेल, त्यानं नाही म्हटलं एवढं मला येऊन सांगा.

सर : एवढंच?

बाई : एवढंच. मग एस.टी. स्टँडवर जावं लागलं नसतं.

सरांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग ते एकदम कामाचं बोलायला लागले, आणि मला वाटतं ते खरे मुख्याध्यापक तिथेच दिसले.

सर : दिवाळी झाली की मी त्याला घरी बोलावतो. विज्ञानाच्या तुमच्या माणसाला. माझं ऐकेल तो, माझा विद्यार्थी आहे.

बाई : बोलावा. पण सकाळचा वर्ग सुरू करायच्या आधी त्यानं त्या मुलीला दोन वाक्यं सांगायची. मी बोललो ते बोलायला नको होतं. आणि सोमवारपासून तूही वर्गाला ये.

सर : पहिलं वाक्य तो म्हणणार नाही. मी ओळखतो त्याला. दुसरं म्हणेल. पहिल्या बाकावर बस, असंही म्हणेल.

बाई : दुसऱ्या वाक्यावर भागेल की नाही, हे तुम्ही-मी कोण ठरवणार? मी तिला विचारते.

सर : आधी मी त्याच्याशी बोलतो, मग विचारा. नाहीतर ती पहिलं वाक्य धरून बसेल.

बाई : बसू दे की. तो हक्क तिचाच आहे.

मग त्याच्याशी आधी बोलायचं की तिला आधी विचारायचं, यावरून दोघांचं नव्यानं जुंपलं.